परमुलखांतील कान

परदेशीं स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या रसिकतेविषयीं आपल्याकडे एक ठरीव स्तुति आहे. बाहेर गुडघाभर बर्फ पडलें आहे, घरांत मात्र गीतरामायण चालू आहे. मुलें शाळेंत परभाषा बोलतात, पण गणेशोत्सवांत नाट्यगीतें म्हणून दाखवितात. असें चित्र रंगवून वक्ते टाळ्या घेतात आणि श्रोतेहि कृतार्थ होतात. या चित्रांत खोटें कांहीं नाहीं. परंतु ज्या रसिकतेचें हें कौतुक, ती कोणत्या सालची, हें कोणी विचारीत नाहीं. गीतरामायण पुणें आकाशवाणीवरून १९५५ सालीं सुरू झालें, तेव्हां तें दर आठवड्यास येणारें अगदीं ताजें गाणें होतें. पुढच्या आठवड्यांत माडगूळकर काय लिहितात आणि फडके त्यास कोणती चाल देतात, याची लोक वाट पाहत. त्या छप्पन्न गीतांचे पहिले श्रोते जुन्याचे जतन करणारे नव्हते. ते नव्याचे भुकेले होते. आजच्या प्रवासी रसिकानें त्यांच्यापासून गीतें घेतलीं, पण ती वाट पाहण्याची वृत्ति घेतली नाहीं, हा आमचा आक्षेप आहे. परदेशांतील मराठी घरांत जुनें काय जपलें आहे याच्या याद्या पुष्कळ झाल्या. या महिन्यांत मुंबईंत लोकांच्या तोंडीं कोणतें गाणें आहे ही वार्ता त्या घरांत पोंचते काय, पोंचते तर कोणाच्या हातून, आणि पोंचल्यावर तिचें काय होतें, याचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाहीं.

चालू गाण्यांची चर्चा वाङ्मयीन मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. त्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, आज ज्यास आपण ठेवा म्हणतों तें सारें एके काळीं चालूच होतें. नाटकांतलीं पदें रस्त्यावरचीं पोरें शिटीवर वाजवूं लागलीं, तेव्हां बैठकीच्या गवयांस फार संतोष झाला असेल असें मानावयास आम्ही तयार नाहीं.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच कीं, आम्ही चिंचपोकळीचे. भायखळा आणि करी रोड यांच्या मधलें हें स्टेशन; गाडींतून जाणारास येथें पाहण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. पण या वस्तीचा सारा विस्तारच परमुलखास आलेल्या माणसांनीं झाला. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंतील पहिली कापडगिरणी स्थापिली व १८५६ त ती चालू झाली. त्यानंतर ताडदेवापासून परळापर्यंत धुराडीं उभीं राहत गेलीं, आणि त्या धुराड्यांखालीं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचीं माणसें येऊन राहिलीं. एकेका खोलींत पंधरा-वीस गडी पाळीपाळीनें झोपत. ज्याची रात्रपाळी त्याची वळकटी दिवसां. त्यांना मुंबई परदेश नव्हता असें म्हणणें नकाशापुरतें खरें आहे. घरापासूनचें अंतर मैलांनीं मोजलें जात नाहीं. घरीं जाण्यास लागणारें भाडें आणि मिळणारी रजा यांनीं मोजलें जातें. त्या मापानें १९२० सालचा चाकरमानी आपल्या वेंगुर्ल्यापासून जितका दूर होता, तितका आजचा स्टुटगार्टमधील इंजिनियर चिंचपोकळीपासून दूर नाहीं.

या माणसांच्या गाण्याचा व्यवहार दुहेरी होता, आणि तोच आमच्या विषयाचा पाया आहे. गांवाहून तीं शक्तितुरा, जाखडी, भजन, पोवाडा घेऊन आलीं. देशावरच्या माणसाला लावणीची आठवण झाली तर लालबागच्या हनुमान थिएटरांत तमाशाचे फड येत. परंतु गणपतीस गांवीं जातांना हाच चाकरमानी मुंबईची नवी चाल आपल्याबरोबर नेई. कोंकणांतील डबलबारीच्या भजनांत बुवा सिनेमाच्या चालीवर गजर बसवितात, याची शुद्ध भजनाच्या अभिमान्यांस फार चीड येते. आम्हांस ती चीड समजते. सगळेच गजर ऐकण्याजोगे असतात असेंहि नाहीं. पण ज्या वाडींत वीज नव्हती आणि रेडियो एकाच घरीं होता, तेथें त्या वर्षीची मुंबईची चाल पोंचविली ती या बुवांनीं. शिवाय शंभर चालींतून त्यांनीं दोन-चारच निवडल्या. कोणती चाल पखवाजावर बसेल, कोणती वाडींतल्या पोरांना एका रात्रींत उचलतां येईल, कोणती देवासमोर म्हटली तर म्हाताऱ्या उठून जाणार नाहींत, हा सारा विचार त्या निवडींत असे. ही समीक्षाच होती. ती लिहिली गेली नाहीं, म्हणून आपण तिला समीक्षा म्हणत नाहीं इतकेंच.

वियोगाचें गाणेंहि याच वस्तीनें मोठें केलें. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनीं १९४४ सालीं लाल बावटा कलापथक उभारलें. अण्णा भाऊ स्वतः वाटेगांवाहून मुंबईस आलेले, गिरणींत राबलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत त्यांनीं 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड रचली; तिच्यांतील गांवीं राहिलेली मैना ही घरधनीण आहेच, आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूखहि आहे. आज ही छक्कड स्मृतिदिनीं आदरानें म्हटली जाते. परंतु जे पहिल्यानें ती ऐकत होते त्यांना ती वर्तमानपत्राप्रमाणें ताजी होती, आणि सभेहून परतलेला माणूस ती आपल्या खोलींतल्या रात्रपाळीच्या सोबत्यास सकाळीं म्हणून दाखवी. आठवेल तेवढीच म्हणे, विसरलेलें स्वतः भरी. गाणें वाटून घेण्याची याहून प्रामाणिक रीत आम्हांस ठाऊक नाहीं.

यंत्रें आलीं आणि या व्यवहाराचें रूप पालटलें. पण गाणें परदेशीं जाऊन येतें ही गोष्ट यंत्राच्या पहिल्या दिवसापासूनचीच आहे. १९०२ सालीं गाइसबर्ग नांवाचा इंग्रज कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान हिचें गाणें मेणाच्या तबकडीवर घेतलें. त्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, तेथें त्यांच्या विक्रीच्या प्रती निघत आणि मग त्या येथल्या बाजारांत येत. हॅनोव्हरच्या कारागिरास हें गाणें कोणाचें हें कळावें कसें? म्हणून गायिका गाणें संपतांच मोठ्यानें इंग्रजींत आपलें नांव सांगे. जुन्या तबकड्या ऐकणारांस ही घोषणा गमतीची वाटते. आम्हांस तींत एक मोठा शहाणपणा दिसतो. गाणें परमुलखास जात आहे, तेथें आपणांस ओळखणारें कोणी नाहीं, तेव्हां नांव बरोबर बांधून दिलें पाहिजे, एवढें भान त्या गायिकेस आणि त्या व्यापाऱ्यासहि होतें. आज अर्ध्या मिनिटाचे तुकडे जगभर फिरतात. त्यांवर कवीचें नांव नसतें, बहुधा गायकाचेंहि नसतें, नाचणाराचें मात्र असतें.

यानंतरचा एक प्रसंग तर असा आहे कीं, आपण घरींच बसून आपलें गाणें परदेशाहून ऐकूं लागलों. मुंबईंत नभोवाणीचें केंद्र १९२७ सालींच सुरू झालें होतें. परंतु १९५२ त बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीखात्याचे मंत्री झाले, आणि अभिजात संगीताच्या या अभिमानी मराठी गृहस्थानें सिनेमाच्या गाण्यांस आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलें. त्याच वर्षीं रेडियो सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईंत बोलत, ध्वनिफीत विमानानें कोलंबोस जाई, आणि तेथून तोच आवाज समुद्र ओलांडून परत मुंबईच्या चाळींत येई. लोक काटा फिरवून सिलोन लावीत. खरखर होई तरी ऐकत. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरांत विविध भारती सुरू करून सरकारनें हद्दपारी मागें घेतली. केसकरांची चेष्टा करणें सोपें आहे, आणि ती पुष्कळांनीं केली. अभिजात गायकवादकांस त्यांनीं नभोवाणींत जो मान व जें वेतन दिलें तें विसरून केलेली ही चेष्टा आम्हांस पसंत नाहीं. पण त्यांची चूक कोठें होती तें सांगितलें पाहिजे. लोकांनीं काय ऐकावें हें त्यांनीं ठरविलें. लोक जें ऐकत होते त्यांतलें चांगलें कोणतें आणि वाईट कोणतें हें मात्र त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. सगळेंच त्याज्य ठरविलें कीं निवडीचें काम उरत नाहीं. परदेशांतील आमच्या कित्येक सुसंस्कृत बांधवांच्या घरीं आज असेच छोटे केसकर बसलेले आहेत.

जातां जातां सिलोनची आणखी एक गोष्ट. फर्माईशी पाठविणाऱ्यांचीं व त्यांच्या गांवांचीं नांवें वाचलीं जात, आणि त्यांत झुमरी तलैया हें आडवळणाचें गांव इतक्या वेळां येई कीं तें साऱ्या हिंदुस्थानास ठाऊक झालें. गाणें तर ठाऊकच असे. आपल्या आवडीखालीं आपलें नांव घातलेलें जगानें ऐकावें, यासाठीं ते टपाल खर्चीत. आवडीस नांव जोडण्याची हौस वाटते तितकी पोरकट नाहीं.

ध्वनिफितींच्या काळाबद्दल थोडक्यांत सांगतों. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत जे अमेरिकेस किंवा आखातांत गेले त्यांच्या पेटींत लोणच्याच्या बरणीशेजारीं कॅसेटी असत. एका कॅसेटीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल होई. प्रत्येक नकलेबरोबर आवाज थोडा आणखी खोल जाई, पण वरच्या कागदावरच्या हस्ताक्षरावरून ती कोणी दिली हें कळे. या व्यवहारांत जिव्हाळा होता, आणि एक दोषहि होता. जो ज्या वर्षीं निघाला त्या वर्षाशीं त्याचा कान बांधला गेला. तो १९७५ त निघाला असेल तर त्याच्यापुरतें मराठी गाणें १९७५ त पूर्ण झालें. त्याला तिकडे झालेल्या मुलांनीं तींच गाणीं ऐकलीं, आणि मराठी ही बापाच्या तरुणपणाची भाषा आहे असा त्यांचा ग्रह झाला.

येथें मंडळांचा विचार येतो. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचें. उत्तर अमेरिकेंतील मंडळांचें एकत्र असें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचें, आणि त्याचीं अधिवेशनें दोन वर्षांनीं भरतात. या संस्थांनीं केलेलें काम मोठें आहे. परक्या गांवांत सभागृह भाड्यानें घेऊन, नोकरी सांभाळून, पदरमोड करून चार माणसांस एकत्र आणणें किती कठीण तें आम्हांस चिंचपोकळींत बसून सांगण्याचा अधिकार नाहीं. परंतु त्यांच्या गाण्याच्या कार्यक्रमांची निवड पाहिली म्हणजे एक गोष्ट ठळक दिसते. जुनें भावगीत असेल तर तें नाणावलेलें आहे, म्हणून घेतलें जातें. नवें असेल तर ज्यावर सारें सभागृह नाचेल तेंच घेतलें जातें. जुन्याची परीक्षा काळानें केलेली, नव्याची गर्दीनें. स्वतः परीक्षा करण्याचें काम कोणीच अंगावर घेत नाहीं. एखादें नवें गाणें, जें कोणी ऐकलेलें नाहीं, तें 'हें आम्हांस आवडलें, तुम्हीहि ऐका' असें म्हणून व्यासपीठावर आणण्यास धैर्य लागतें. तिकिटें विकावयाचीं असतात हें आम्ही विसरलेलों नाहीं. पण दोन तासांत पांच मिनिटें?

आतां सांप्रतची स्थिति. प्रत्येकाच्या खिशांत यंत्र आहे आणि येथें वाजलेलें तेथें त्याच क्षणीं ऐकूं जातें. आमच्या चिंचपोकळीचा चिंतामणि १९२० पासूनचा. गणेशचतुर्थीच्या आधींच त्याचें आगमन होतें, आणि त्या दिवशीं पुलावर व आर्थर रोडवर (ज्यास आज सानेगुरुजी मार्ग म्हणतात) मुंगीस वाट राहत नाहीं. हजारों हात यंत्रें उंच धरून उभे असतात. जर्मनींत दुपारचें जेवण घेत असलेला आमचा मुलगा तें आगमन पाहतो. पाहतो आणि विचारतो: 'मागें वाजत होतें तें गाणें कोणतें?'

हा प्रश्न आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. गाणें ओळखणारीं यंत्रें आतां आहेत. २००२ सालीं इंग्लंडांत त्यांचा आरंभ झाला तेव्हां २५८० हा आंकडा फिरवून टेलिफोन गाण्यासमोर धरावयाचा आणि मग गाण्याचें नांव लिहून येई. परंतु ढोल-ताशांखालीं, तीन ठिकाणच्या कर्ण्यांतून, बँजोपार्टीनें शब्दांवांचून वाजविलेली चाल यंत्रास सहसा ओळखूं येत नाहीं. पुलावर उभ्या असलेल्या माणसासच विचारावें लागतें. म्हणजे इतकीं यंत्रें होऊनहि शेवटीं पुन्हां तोच खोलींतला सोबती लागतो.

आणि येथून जें जातें तें कसें असतें? गेल्या दहा वर्षांतील चार गाणीं घेऊं.

'सैराट' २०१६ च्या एप्रिलांत आला. करमाळ्याच्या बाजूची कथा, नागराज मंजुळे यांचें दिग्दर्शन, अजय-अतुल यांचें संगीत. आणि त्या संगीतांतील पाश्चात्य वाद्यवृंदाचा भाग लॉस एंजेलिस येथें ध्वनिमुद्रित झालेला. उसाच्या फडांतलें प्रेम आणि परक्या देशांतले व्हायोलिनवादक, यांचा सांधा कोठेंहि दिसत नाहीं, हा त्या संगीताचा गुण. परंतु परदेशीं सर्वांत अधिक गेलें तें 'झिंगाट', ज्यांत त्या वाद्यवृंदापेक्षां गांवच्या वरातीचा ठेकाच अधिक आहे. पुढें २०१८ सालीं हिंदी 'धडक' निघाला. चाल तीच, संगीतकार तेच, शब्द हिंदी. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीं. मराठींतील नायक आपल्या रांगड्या बोलींत उतावीळ, थोडा हास्यास्पद, पण खरा असतो. हिंदींत नाचणारांची गर्दी आहे, तो मुलगा नाहीं. चालीचें यश शब्दांच्या नांवावर नव्हतें असें म्हणणारांनीं ही तुलना अवश्य करावी.

'बहरला हा मधुमास' हें २०२३ चें, 'महाराष्ट्र शाहीर' या चित्रपटांतलें. केदार शिंदे यांनीं आपले आजोबा शाहीर साबळे यांच्यावर, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, हा चित्रपट काढला. चाल गोड आहे, तीविषयीं वाद नाहीं. पण परदेशांतील मंडळांनीं तें इतक्या लवकर आपलेंसें केलें याचें कारण आमच्या मतें गोडीहून निराळें आहे. तें नवें असून जुन्यासारखें ऐकूं येतें. नव्याचा धोका न पत्करतां नवें घेतल्याचें समाधान त्यानें मिळतें. हा गाण्याचा दोष नव्हे. पण त्या स्वीकारावरून स्वीकारणारांच्या ताजेपणाविषयीं कांहीं अनुमान काढूं नये.

'गुलाबी साडी' २०२४ चें. गाणारा संजू राठोड जळगांवकडचा. नटलेली स्त्री आपल्या माणसास आपला फोटो काढावयास सांगते, याहून त्यांत विषय नाहीं, आणि काव्य शोधूं जाणाराच्या हातीं फारसें लागणार नाहीं. आम्हींहि प्रथम तें याच कारणासाठीं बाजूस ठेवलें असतें. परंतु लावणींतील नटणें हें पाहणाराच्या डोळ्यांसाठीं असे. येथें बाई स्वतःच्या दिसण्यावर स्वतःच खूष आहे, आणि पुरुषाकडे फक्त यंत्र धरण्याचें काम आहे. हा बदल लहान नाहीं. शिवाय परदेशांत हेंच गाणें थोडें निराळें ऐकूं येतें. तेथें साडी रोजची नसते. ती पेटींत असते, सणास निघते, आणि नेसून झाल्यावर फोटो काढून गांवीं पाठविला जातो. येथें जी हौस आहे ती तेथें जवळजवळ विधि झाली आहे. जे शब्द येथें उथळ वाटतात त्यांना तेथें तळ मिळतो, ही किमया कवीची नव्हे, ऐकणाराच्या जागेची.

चौथें 'तांबडी चामडी', क्रेटेक्स व श्रेयस यांचें, २०२४ चेंच. आणि तें प्रसिद्ध केलें हॉलंडमधील स्पिनिन रेकॉर्ड्स या नृत्यसंगीताच्या कंपनीनें. उन्हांत चकाकणाऱ्या तांबूस कातडीचें हें गाणें पाश्चात्य नाचघरांतील एकसुरी, हट्टी ठेक्यावर बसविलें आहे. शब्दांची निवड अर्थासाठीं थोडी आणि आवाजासाठीं फार. परंतु हा आवाज मराठी आहे: ट, ड, च, क यांचा खडखडाट, नादानुकारी द्विरुक्ति, वगांतील सोंगाड्याच्या तोंडीं शोभावी अशी लय. विलायती ठेक्यास मराठी व्यंजनें इतकीं मानवतील असें आम्हांस वाटलें नव्हतें. चिंचपोकळीचा मुलगा तें नाचण्यासाठीं ऐकतो, कारण येथें सगळ्यांचीच कातडी तांबडी. पण ॲम्स्टरडॅमच्या गाडींत ज्याच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते, त्याच्या कानांत तोच शब्द पडला म्हणजे त्याचा अर्थ निराळा होतो. हें गाणाऱ्यांच्या मनांत होतें कीं नाहीं, तो प्रश्न वेगळा. गाणें परमुलखास गेलें कीं त्यास असे अर्थ चिकटतातच, आणि तिकडच्या रसिकानें ते आम्हांस लिहून कळविले पाहिजेत. कारण येथें बसून ते आम्हांस दिसणार नाहींत.

पण तो कळवीत नाहीं. तो गाणें पुढें ढकलतो. आलेलें गाणें एका शब्दाशिवाय दहा जणांकडे, तेथून शंभर जणांकडे; बरें, गाणेंहि पुरतें नव्हे, मुखड्याचा तुकडा. अंतरा कसा आहे हें पाठविणारास ठाऊक नसतें आणि घेणारा विचारीत नाहीं. आमच्या वस्तींत पूर्वीं मनीऑर्डरी निघत. त्या फॉर्मच्या तळाशीं संदेशासाठीं बोटभर जागा असे. पैसे तर जातच. पण ज्यास लिहितां येत नसे तोहि शेजाऱ्याकडून त्या बोटभर जागेंत दोन ओळी लिहवून घेई, कारण नुसते पैसे आले तर घरचे घाबरतील, असें त्यास वाटे. गाण्याबरोबर त्या दोन ओळी आज गळाल्या आहेत. 'मस्त' आणि 'एकदां ऐकाच' यांस आम्ही ओळी धरीत नाहीं.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे, म्हणून येथें देतों. आमच्याच रस्त्यावरचा एक तरुण पांच-सहा वर्षें जर्मनींत नोकरीस आहे. त्याचे आजोबा गिरणींत होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला तेव्हां घरीं बसले ते पुन्हां कामावर गेले नाहींत. हा मुलगा दर रविवारीं एक नवें मराठी गाणें पंधरा-वीस ओळखीच्यांस पाठवितो, आणि त्याखालीं दोन वाक्यें लिहितो: यांत चांगलें काय, आणि कच्चें काय. कधीं त्याचें म्हणणें पटतें, कधीं अगदीं पटत नाहीं. एकदां त्यानें एका नव्या रॅपगीताविषयीं लिहिलें कीं, यमकें पोवाड्यासारखीं येतात पण पोवाड्यांत जशी गोष्ट पुढें सरकते तशी येथें सरकत नाहीं, गाणारा जागच्या जागीं स्वतःची बढाई मारतो. हें एक वाक्य आम्हांस कित्येक छापील परीक्षणांहून मोलाचें वाटलें. त्याच्या त्या पंधरा-वीसांत त्याची आईहि आहे. ती चिंचपोकळीच्या खोलींतून आवाजाचा निरोप धाडते. मध्यंतरीं त्यानें कोणा नव्या गायकाचें फार संथ, फार उदास गाणें पाठवून त्याची स्तुति केली, तेव्हां माउलीचें उत्तर असें आलें: "अरे, गाणं चांगलं आहे, पण तू बरा आहेस ना? त्यापेक्षा ती गुलाबी साडीच बरी." मुलानें तें साऱ्यांस ऐकविलें व खालीं लिहिलें कीं, टीका मान्य, कारण दिलेलें नसलें तरी.

या पंधरा-वीसांत दोन घरें अशीं आहेत कीं, जेथें मुलांचा जन्म तिकडचा. त्यांपैकीं एका बापानें सांगितलेलें आमच्या लक्षांत राहिलें आहे. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीस मराठी म्हणजे रागावण्याची, जेवावयास बोलावण्याची आणि आरतीची भाषा वाटे. म्हणजे वडील माणसांची. 'तांबडी चामडी' तिनें वर्गांतल्या मैत्रिणींस ऐकविलें, त्यांनीं अर्थ विचारला, आणि तो सांगतां येईना म्हणून ती बापाकडे आली. अर्थ विचारण्यासाठीं ती आपण होऊन बापाकडे आली ही त्या घरांतली पहिलीच वेळ. बापास 'चामडी' या शब्दाची छटा तिला कशी समजवावी हें कळेना. 'कातडी' म्हटलें असतें तर काय बिघडलें असतें, यावर दोघांचा अर्धा तास गेला. जुन्या गीतांच्या पाठांतरानें हा अर्धा तास मिळाला नसता, असें आम्ही म्हणत नाहीं. मिळाला नव्हता, एवढें खरें.

जुन्याचें प्रेम सोडा असा याचा अर्थ कोणी काढूं नये. आमच्या घरींहि गीतरामायण लागतें. आमचें मागणें फार तर एवढें कीं, मंडळांनीं आपल्या कार्यक्रमांत त्या पांच मिनिटांची जागा करावी, निवडणारानें आपल्या नांवानें निवड करावी, आणि कवीचें, संगीतकाराचें, गायकाचें नांव व्यासपीठावरून मोठ्यानें सांगावें. निवड चुकली तर लोक तोंडावर सांगतील, सांगूं द्यावें.

त्या जर्मनींतल्या तरुणाचें एक शोधकाम अजून संपलेलें नाहीं. गेल्या आगमनाच्या वेळीं पुलाखालच्या बँजोपार्टीनें एक चाल दोनदां वाजविली. त्याला ती फार आवडली. यंत्रानें ती ओळखली नाहीं. त्यानें येथें सहा जणांस विचारलें. तिघांनीं तीन निरनिराळ्या गाण्यांचीं नांवें कळविलीं, आणि तीं तिन्ही चूक निघालीं. अखेर त्याच्या आईनें खालीं उतरून वाजविणाऱ्या पोरांनाच गांठलें. त्यांनीं सांगितलें कीं, तें कोणत्याच सिनेमांतलें नाहीं. त्यांच्यांतल्या एकानें तालमींत सहज बसविलेली चाल आहे, तिला अजून शब्द नाहींत आणि नांवहि नाहीं. त्या रविवारीं तरुणानें तीच चाल पाठविली. नांवाच्या जागीं त्यानें 'चिंचपोकळी पुलाखाली, दुसऱ्यांदा वाजवलेली' असें लिहिलें होतें, आणि त्याखालीं नेहमींप्रमाणें दोन वाक्यें.